इस्त्रीखालची प्लेट

मालकांचा, म्हणजे आमच्या ह्यांचा, हात थरथरायला लागला, तेव्हा मी त्यांना चहा अर्धा कप द्यायला लागले. भरलेला कप बशीत सांडायचा, बशीतला पायजम्यावर, आणि पायजमा मलाच धुवावा लागायचा. डॉक्टर म्हणाले, वयानं होतं काही जणांना, गोळी घ्या, पण फार फरक पडेल असं समजू नका. गोळीनं झोप यायची आणि थरथर तशीच राहायची. मग त्यांनी गोळी सोडली.

दुसऱ्या कोणाचा हात हलला असता तर निभावलं असतं. मालक मेस्तरी होते. आधी रेडिओ, मग टीव्ही, आणि टीव्ही दुरुस्तीला आणायचं लोकांनी बंद केलं तेव्हा विहिरीवरच्या मोटारींचे स्टार्टर. राहात्यात स्टँडच्या मागच्या रस्त्याला आमची पत्र्याची टपरी आहे. मधे फळी. फळीच्या अलीकडे माझं इस्त्रीचं टेबल, पलीकडे त्यांचं सामान. मी चौथीपर्यंत शिकले, ते दहावी नापास. टपरी घेतली तेव्हा एवढाच विचार होता की दोन धंदे एका पत्र्याखाली होतील. धंदे दोनच राहिले. मी त्यांच्या बाजूला झाडायला जायचे, ते माझ्या बाजूला पाणी प्यायला यायचे. ते काय करतात हे मला ठाऊक होतं ते इतकंच, की वास कसला येतो आणि शिवी कधी देतात.

आमच्याकडं शेतीची लाईट पाळीनं येते, पुष्कळदा रात्रीची. लाईट आली की मोटर आपोआप चालू व्हावी म्हणून स्टार्टरला एक डबा जोडतात, त्याला सगळे ऑटो म्हणतात. ऑटो चालू असेल तर माणूस घरी झोपतो. बंद पडला तर बॅटरी घेऊन उसातून विहिरीवर जावं लागतं, आणि आता उसात बिबटे आहेत. म्हणून ऑटो बिघडला की शेतकरी दुसऱ्या दिवशी सकाळीच डबा पिशवीत घालून हजर व्हायचा.

डब्याच्या आत एक प्लेट असते. वीज पडली, व्होल्टेज वाढलं की ती जळते. जुन्या डब्यांच्या प्लेटा कंपनीकडं मिळत नाहीत, कंपनी म्हणते नवा डबा घ्या. मालक प्लेट स्वतः बनवायचे. तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेली कोरी प्लेट नगरला मिळते. तिच्यावर बारीक ब्रशानं रंगाच्या रेघा काढायच्या आणि प्लेट फेरिकमध्ये बुडवायची. फेरिक म्हणजे तपकिरी पाणी असतं, ते तांबं खाऊन टाकतं. रंगाखालचं तेवढं तांबं उरतं, आणि त्या उरलेल्या रेघांतून करंट फिरतो. दोन रेघा एकमेकींना चिकटल्या की प्लेट गेली. आता हा सगळा खेळ ब्रशाचा, आणि ब्रश धरणारा हात असा.

एक दिवस अस्तगावकडचा एक शेतकरी त्याचा ऑटो परत घेऊन आला. आठवड्यापूर्वीच मालकांनी त्याला नवी प्लेट घालून दिली होती. आतून जळका वास येत होता. मालकांनी डबा उघडला, प्लेट उजेडाकडं धरली आणि बराच वेळ बघत राहिले. दोन रेघा मधे कुठंतरी केसाएवढ्या जवळ गेल्या होत्या.

तो माणूस भांडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "असू द्या मेस्तरी. होतं कधीकधी. तुमी नका तरास घेऊ आता, मी बघतो कोपरगावला."

"मी करून देतो ना. उद्या या."

"न्हाई न्हाई, तुमी आराम करा."

डबा पिशवीत घालून तो गेला. मालक त्या दिवशी जेवायला घरी आले नाहीत. मी जेवणाचा डबा नेला तर म्हणाले, "आराम करा म्हनला. ऐकलं का तू? मला म्हनला."

"ऐकलं. जेवा."

आमचा मुलगा शिर्डीला एका लॉजवर मॅनेजर आहे. वाईट नाही, पण त्याला कुठलीही जागा रिकामी दिसली की तिचं काय करता येईल हेच सुचतं. त्याच आठवड्यात तो टपरीवर आला. मोबाईलची कव्हरं विकणारा एक जण जागा शोधतोय, म्हणाला.

"आप्पा, तुमची बाजू देऊन टाकू त्याला. तुम्ही घरी बसा. किती दिवस हे जळकं उकरणार?"

"माझ्या बाजूचं तुला काय करायचंय?"

"मला काही नाही करायचं. लोक काय म्हणतात ते ऐकतोय मी. परवा एकाची मोटर जळता जळता वाचली."

"दिवाळीपर्यंत थांब," मालक म्हणाले.

"दिवाळीपर्यंत काय होणार आहे?"

मलाही वाटलं नव्हतं काही होईल. मी शर्टाची कॉलर दाबत होते. मनात आलं, कव्हरवाला आला तर निदान ठोकाठोक बंद होईल. तेव्हा जे मनात आलं तेच सांगते.

मालक फोनवर व्हिडिओ बघायचे. कोण कुठला हिंदी बोलणारा माणूस, गच्चीवर बसून प्लेटा बनवायचा. एका दुपारी ते फळीवरून वाकून म्हणाले, "तुझी इस्त्री लागंल मला."

"पायजमा द्या, करून देते."

"पायजमा न्हाई. प्लेट."

मला वाटलं उन्हानं डोकं फिरलं. मग त्यांनी व्हिडिओ दाखवला. तो माणूस रेघा ब्रशानं काढत नव्हता. चित्र चकचकीत कागदावर झेरॉक्सच्या काळ्या पावडरीत छापून घेत होता. तो कागद तांब्यावर पालथा ठेवून वरून गरम इस्त्री दाबली की पावडर वितळून तांब्याला चिकटायची. मग कागद पाण्यात भिजवून चोळून काढायचा. कागद जातो, काळ्या रेघा राहतात. पुढं तेच, फेरिक.

"आणि माझ्या इस्त्रीला काळं लागलं तर? एखाद्याच्या पांढऱ्या शर्टावर उमटलं तर?"

"कागद मधे असतो गं."

"तुमी दाबा मग. मी कशाला?"

त्यांनी नुसता हात पुढं केला. तो हलत होता. माझी इस्त्री जुनी, पितळी बुडाची, जड. ती त्यांच्याच्यानं एका जागी धरली गेली नसती. मला ते समजलं आणि स्वतःचाच राग आला. म्हटलं, आणा काय आणायचं ते.

खरी अक्कल मालकांनी चित्रात लावली. ब्रशानं प्लेटवर थेट काढायचं म्हणजे जागा बोटभर आणि हात हलणारा. त्यांनी चौकटीच्या वहीचा कागद घेतला आणि चित्र दुप्पट मोठं काढलं, पट्टी लावून, काळ्या पेनानं. चुकलं तिथं पांढरं लावायचं आणि पुन्हा काढायचं. मग झेरॉक्सवर अर्धं करायचं. चित्र अर्धं झालं की रेघेतली थरथरही अर्धी होते. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला होता की जणू कोणाचा तरी खिसा कापून आलेत.

चकचकीत कागद हवा होता. सोनाराच्या दुकानाची तशी जाहिरात पेपरात घालून यायची, ती एका बाजूनं कोरी असायची. झेरॉक्सच्या दुकानातली मुलगी तो कागद मशीनमध्ये घालायला तयार नव्हती.

"आजी, अडकला ना तर शेठ माझ्या पगारातनं कापतील."

"शेठ जेवायला कधी जातो?"

"एक वाजता."

मग आम्ही एक वाजता जायला लागलो. ती दाराकडं बघत बघत कागद सरकवायची, मालक मशीनवर कान लावून उभे राहायचे, आणि मी दारात. कागद सुखरूप बाहेर आला की तिघेही सुटलो असं वाटायचं. पोरगी म्हणायची, "कशाचं चित्र आहे हो हे? गावाचा नकाशा का?"

"विहिरीचा रस्ता हाय," मालक म्हणायचे.

पहिल्या वेळी मी प्लेट तारेच्या घासणीनं घासली, तांब्याचा हंडा घासते तशी. लखलखली. मालक म्हणाले, आता बोट लावू नको, बोटाचं तेल लागतं. कागद पालथा ठेवला. इस्त्री तापली. मी डाव्या हातानं वाटीत बोटं बुडवली आणि कागदावर पाणी शिंपडलं.

कागद तिथल्या तिथं फुगला.

"अगं ए! शर्ट हाय का तो?" मालक ओरडले.

मी सांगते, मला कळलंसुद्धा नाही मी पाणी कधी शिंपडलं. एवढी वर्षं कपडा समोर आला की बोटं वाटीत जातात. डोकं त्यात नसतंच. शेजारच्या पानवाल्यानं मान आत घातली. "काय झालं आजी?" म्हणाला. मालक म्हणाले, "काय न्हाई, हिनं माझ्या प्लेटीला आंघोळ घातली."

दुसऱ्या वेळी पाण्याची वाटी त्यांनी आधीच फळीपलीकडं नेऊन ठेवली. मी इस्त्री कागदावर ठेवली आणि सरकवली. इस्त्री सरकवायचीच असते, एका जागी ठेवली तर कपडा जळतो. पण इथं सरकवली की वितळलेल्या रेघा फराट्या होऊन जायच्या. कागद काढला तर कोणी काजळ पुसल्यासारखं दिसत होतं. मालक यावेळी ओरडले नाहीत. म्हणाले, "ठेव आनि उभी राहा. काहीच करू नको."

काहीच न करता उभं राहायचं हे मला कोणी शिकवलं नव्हतं. इस्त्रीवर अंगाचा भार टाकायचा, उचलायची, शेजारी ठेवायची, पुन्हा भार. हाताला ओढ लागते पुढं जायची, ती धरून ठेवायची. मालक समोर बसून कागदाचा रंग बघायचे. कागद जरा पिवळा पडला आणि रेघा मागून उमटल्या की "बास" म्हणायचे. मी "बास" ऐकायला कान लावून असायचे. आमच्या दोघांत एवढं लक्ष देऊन कधी काही चाललं नव्हतं.

तिसरी का चौथी प्लेट सुंदर निघाली. पाण्यात भिजवून मी अंगठ्यानं कागद चोळून काढला, बाळाच्या डोक्यावरची खपली काढतात तसा, आणि खाली काळ्या रेघा जशाच्या तशा. फेरिकमध्ये टाकली. आइस्क्रीमचा प्लास्टिकचा डबा होता, तो मी हळूहळू डोलवायचा, उन्हात ठेवून. तांबं निघून गेलं. मालकांनी भोकं पाडली. भोकं पाडताना आणि झाळताना ते मनगट टेबलाच्या कडेला टेकवायचे. टेकवलं की हात कमी हलतो. सामान बसवायला घेतलं आणि मग थांबले. प्लेट उलटी केली, सुलटी केली.

"काय झालं?"

"उलटं आलंय सगळं."

जन्मभर ते तांब्याच्या बाजूनं चित्र काढत आले होते, ब्रश थेट तांब्यावर. तीच सवय कागदावर. पण कागद पालथा पडतो, त्यामुळं डावं ते उजवं होतं. आठ पायांची चिप बसेना, तिचे पाय भलत्याच भोकांत जात होते. मला वाटलं, आता हे सगळं भिंतीवर फेकून मारतील. ते हसायला लागले. "तू पानी मारलं आनि मी उलटं काढलं," म्हणाले. "दोघं सारखेच म्हातारे." मीही हसले. मग म्हटलं, "हसू नका, दिवाळी जवळ आली."

त्यांनी चित्र काचेवर धरून मागच्या बाजूनं पुन्हा गिरवलं. त्या चित्राची पुढची प्लेट लागली. घरून आणलेल्या जुन्या स्टार्टरवर त्यांनी ती चालवून बघितली. बटण दाबलं, थोडं थांबले, आणि आतून रिले, म्हणजे करंट जोडणारी कळ, टक् करून वाजला. तो आवाज त्यांच्या बाजूनं मी आयुष्यभर ऐकला होता. पहिल्यांदाच मला त्याचा अर्थ माहीत होता.

साकुरीकडचा एक शेतकरी होता. त्याचा डबा कोणी घेईना, फार जुना. त्याची बायको लाईटच्या पाळीला विहिरीवर जायची कारण त्याचा पाय अधू. मालकांनी त्याला ती प्लेट घालून दिली आणि म्हणाले, चालली तरच ये, नाही तर मीच येतो बघायला. तो तिसऱ्या दिवशी आला, पेरूची पिशवी घेऊन.

"मेस्तरी, लाईट आली तसा धाडकन चालू! आमची मंडळी उठून बसली, म्हनली कोन आलं?"

"आवाज कसाय रिलेचा?"

"आता आवाज कोन ऐकतंय, पानी ऐकतोय मी."

"प्लेट बघितली का?"

"बघितली ना. कंपनीचीच वाटती."

मालक माझ्याकडं बघून म्हणाले, "कंपनी ही बसलीय." तो शेतकरी हसला, त्याला वाटलं मस्करी.

बातमी फिरते. दुरुस्तीला पुन्हा डबे यायला लागले. एकच चित्र होतं, त्याच्या हव्या तितक्या प्रती काढता यायच्या. दुपारी कपड्यांची गर्दी कमी झाली की मी प्लेट दाबायची, ते समोर बसायचे. दिवाळी आली आणि गेली. मुलगा फराळाला आला तेव्हा मालकांनी त्याला प्लेट दाखवली. तो उजेडाकडं धरून म्हणाला, "हे तुम्ही केलं? छापलेलं वाटतंय."

"छापलेलंच हाय."

कव्हरवाल्याचं नाव त्यानं काढलं नाही. मी मनात म्हटलं, वाचलं.

तो हिवाळा मला आता वारंवार आठवतो, आणि आठवला की चीड येते. एवढ्याशा टपरीत आम्ही सगळं आयुष्य फळीच्या दोन बाजूंना काढलं. मला रेघा समजायला लागल्या होत्या. ही जाड रेघ मोटरकडं जाते, ही बारीक चिपकडं. मी विचारायचे, ते सांगायचे, आणि त्यांना सांगता यायचं हेच मला नवीन होतं. घरात तर भाजी आणि लाईटबिल याशिवाय बोलणं नसे. हे आधी का नाही झालं? तेव्हा त्यांचा हात चांगला होता, माझी गरज नव्हती. गरज पडली तेव्हा हात गेलेला. यात कोणाची चूक शोधायला गेलं तर सापडत नाही, म्हणून जास्त वाईट वाटतं.

उन्हाळा लागला. फेरिकचा डबा आम्ही टपरीपुढं स्टुलावर उन्हात ठेवायचो, तापलं की काम लवकर होतं. डबा डोलवायचा, उचलायचा, ठेवायचा, हे माझंच काम होतं. असं ठरवलं नव्हतं कधी, पण ते डब्याला हात लावत नसत.

आमच्या भागात पांढरे कपडे घालणारे पुढारी पुष्कळ. खळीचे, कडक. माझा निम्मा धंदा त्यांच्यावर होता. एकाच्या घरी साखरपुडा होता, त्याचे आणि त्याच्या भावांचे कपडे मी सकाळपासून करत होते. झाले, घड्या घातल्या, टेबलावर रचले. वर कपडा टाकायचा राहिला, कारण एक जण रस्त्यापलीकडच्या दवाखान्यातून हाका मारत होता, डॉक्टरांचे कोट द्या म्हणून. कोट घेऊन मी तिकडं गेले.

तेवढ्यात वावटळ उठली. आमच्याकडं त्या दिवसांत उठतेच. पाचोळा, धूळ, पिशव्या. मालकांनी बघितलं की डब्यात धूळ जाणार, आत प्लेट होती. त्यांनी डबा उचलला. त्यांच्या बाजूला दारापुढं दुरुस्तीच्या डब्यांच्या पिशव्या रचलेल्या होत्या, म्हणून ते माझ्या बाजूनं आत आले.

मी परत आले तेव्हा डबा खाली पालथा पडला होता आणि ते खांद्यावरच्या टॉवेलनं कपडे पुसत होते. पुसतील तसं पसरत होतं. वरच्या सदऱ्याचा पुढा, बाही, खालचा पायजमा, त्याच्याही खालचा. गंजासारखे पिवळे तांबूस डाग.

"पुसू नका!" मी ओरडले. "पुसू नका, सोडा!"

त्यांनी टॉवेल सोडला.

मी लिंबू लावलं, मीठ लावलं, उन्हात ठेवलं, पुन्हा लावलं. डाग फिका झाला, गेला नाही. फेरिकचा डाग जात नाही हे मालकांना माहीत होतं, पण त्यांनी मला थांबवलं नाही. पुढाऱ्याचा ड्रायव्हर कपडे न्यायला आला. मी खरं ते सांगितलं. त्यानं फोन लावला आणि फोन माझ्या कानाला दिला. तिकडून पुढारी म्हणाला, "जाऊ द्या मावशी, दुसरे हायेत. तुमी नका वाईट वाटून घेऊ." चांगलं बोलला. पण त्या घरचे कपडे पुन्हा आले नाहीत, आणि महिनाभरात बाकीचे पांढरेवालेही कमी झाले. टपरीत ॲसिड ठेवतात, असं कोणीतरी सांगितलं होतं.

मुलगा आला. या वेळी आवाज चढवला नाही त्यानं. "आई, आता तुझंपण गिऱ्हाईक जायला लागलं," एवढंच म्हणाला. मालक फळीपलीकडं होते. ऐकलं त्यांनी.

दुसऱ्या दिवशी ते सामान आवरायला लागले. मी इस्त्री ठेवून तिकडं गेले.

"हे काय चाललंय?"

"किल्ली देतो त्याला."

"फेरिकचा डबा आपन घरी ठेवू. अंगनात. मी डोलवीन, मी उचलीन. तुमी त्याला हातच लावू नका."

ते खाली बसले. म्हणाले, "चित्र मशीन काढतं. इस्त्री तू करती. डबाबी तू उचलायचा. मग मी काय करायचं?"

"डोकं तुमचं हाय ना."

"डोकं घरी बसलं तरी चालतं. त्याला टपरी कशाला लागती?"

"मला लागती," मी म्हटलं. मला म्हणायचं होतं की तुम्ही तिथं लागता. पण तसं बोलायची सवय नाही, जे तोंडाला आलं ते आलं.

"तुला हायच की. तुझी राहावी म्हनून तर चाललोय." आणि स्क्रू एका डबीत भरायला लागले. निम्मे खाली सांडत होते. मी वाकून उचलायला लागले, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आता कशाला लागतात?"

कव्हरवाला आला. रंगीत दिवे लावले, आरसा लावला. बरा आहे पोरगा, मला आजी म्हणतो, गाणी हळू लाव म्हटलं तर लावतो. पांढरे कपडे हळूहळू परत यायला लागले आहेत. मुलाचं म्हणणं होतं तसं सगळं झालं आहे, आणि त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

मालक घरी असतात. जेवतात, पेपर वाचतात, व्हिडिओ बघतात. प्लेटांचे नाही बघत. शेळ्यांचे बघतात, आमच्याकडं शेळी नाही.

मध्यंतरी एक शेतकरी पिशवीत डबा घेऊन माझ्या टेबलापुढं उभा राहिला. ओळखीचा नव्हता. कोणीतरी सांगितलं म्हणून लांबून आला होता, केलवडच्याही पुढून.

"मेस्तरी?"

"बंद केलं त्यांनी."

"कायमचं?"

"व्हय."

"मग आता कुठं जाऊ मी?"

मी त्याला कोपरगावच्या दुकानाचा पत्ता सांगितला. तो गेला. संध्याकाळी जेवताना मी मालकांना सांगितलं, एक जण आला होता, लांबचा. ते घास हातात धरून थांबले.

"काय झालं हुतं डब्याला?"

"विचारलं नाही."

"वास येत हुता का जळका?"

"माहीत नाही."

"रिले टकटक करत हुता का? का गपच हुता?"

"अहो, मी विचारलंच नाही त्याला."

"टकटक करत आसंल तर प्लेट चांगली आसती," ते म्हणाले. "नुसता कपॅसिटर जातो. प्लेट बदलायची गरजच न्हाई. कोपरगाववाला त्याला नवा डबा घ्यायला लावणार." मग थोडं जेवले, आणि पुन्हा म्हणाले, "गप आसंल तर मग ट्रान्सफॉर्मर. तू डबा हलवून तरी बघायचा." ताट उचलेपर्यंत त्यांचं हेच चाललं होतं. हात धुतानाही.

त्या दिवसापासून मी ठरवलं, कोणी डबा घेऊन आला तर त्याला बसवायचं, पाणी द्यायचं, काय होतंय ते नीट विचारायचं, वास घ्यायचा, कानाला लावून बघायचा, आणि जमलं तर डबाच घरी न्यायचा. पण आता सगळ्यांना कळलं आहे की मेस्तरींनी बंद केलं. कोणी येत नाही.